थिरथिरा आला, असं आई म्हणाली

आई माझ्याशी सहा आठवडे रोज सकाळी खोटं बोलली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. श्राद्ध झालं, नातेवाईक जेवून गेले. मला रडू येत नाहीये, राग येतोय. म्हणून इथे लिहितेय.

मागच्या हिवाळ्यात मी बेंगळुरूला बेड रेस्टवर होते. सातवा महिना, गर्भाची वार खाली सरकलेली. बाथरूमपुरतं उठायचं, बाकी आडवं, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

रोज साडेआठला आईचा फोन यायचा.

"आज कोण कोण आलं माहितीये का?"

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरामागे छोटंसं परसदार आहे. एक पेरू, एक कढीपत्ता, पाण्याने भरलेली मातीची थाळी. थंडी पडली की आई पक्ष्यांना बाजरी आणि तांदळाची कणी टाकायची आणि शाल गुंडाळून मागच्या पायरीवर बसायची. ऑफिसला उशीर झाला तरी बेहत्तर.

आणि या बाबतीत ती भयंकर कडक.

चौथीत असताना मी थाप मारली होती, थाळीवर खंड्या आला म्हणून. "चोच कुठल्या रंगाची?" तिने विचारलं. मी ठोकून दिलं, पिवळी. खंड्याची चोच लालभडक असते. संध्याकाळपर्यंत बाई माझ्याशी बोलली नाही. "न बघितलेला पक्षी सांगायचा नाही," एवढंच म्हणाली.

त्यामुळे तिच्या फोनवर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"बुलबुलची जोडी आली. सातभाई आले, आपसात भांडले, गेले. आणि ऐक, थिरथिरा आला!"

थिरथिरा म्हणजे थंडीपुरता उत्तरेकडून येणारा छोटासा पक्षी, शेपटी सारखी थरथरवणारा. आई दिवाळीपासून त्याची वाट बघायची. मी पडल्या पडल्या आनंदाने रडले होते. हॉर्मोन्स म्हणा हवं तर.

"व्हिडिओ कॉल कर ना, मला बघायचाय."
"मागे रेंज येत नाही गं."

"कसले आवाज येतायत?"
"शेजारी बांधकाम. नाशिकमध्ये दुसरं काय चालू असतं आता!"

"तू कधी येतेस?"
"फेब्रुवारीत. डिंकाचे लाडू घेऊन."

जानेवारीत ती गेली. हार्ट अटॅक, असं नवऱ्याने सांगितलं. मला प्रवासाची परवानगी नव्हती. तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही.

लेक दीड महिन्याची झाल्यावर मी नाशिकला आले. आईचे फोटो हवे होते म्हणून तिचा फोन चार्ज केला. व्हॉट्सॲपवर बाबांच्या व्हॉइस नोट्सची रांग. रोज एक, सकाळी आठच्या आत.

बाबा मूळचे नामपूरचे. पक्ष्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "आम्ही बाजरीवरची पाखरं हाकलत मोठे झालो, आणि ही बोलावून जेवायला घालते!" हे दर थंडीत ऐकायचो.

मी एक नोट लावली.

"हां, ऐक. दाणे टाकले. दोन आलेत, डोक्यावर काळा तुरा, बुडाला लाल. तुझे ते बुलबुल असतील."

दुसरी लावली.

"भिंतीवर एक बारका आलाय. पोट तांबूस. शेपटी लय हलवतोय, थंडी वाजतेय वाटतं त्याला. कोण हाय ते तू ठरव. आणि नर्सने गोळी दिली का ते सांग. मी डबा घेऊन निघतोच."

नर्स.

मी ती नोट पाच वेळा ऐकली. मग फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"बाबा, आई कुठे होती?"

त्यांनी गॅस बंद केला आणि खालीच बसले. दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली होती. डिसेंबरपासून ती हॉस्पिटलमध्येच होती. मावशीला माहीत होतं. माझ्या शेजारी झोपणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं.

"तिनेच शपथ घातली," बाबा म्हणाले. "म्हणे, दोन जिवांची आहे ती. कळलं तर उठून गाडीत बसेल."

"आणि पक्षी?"

"ते मी बघायचे. ती म्हणाली, न बघितलेलं पोरीला सांगणार नाही. तुम्ही बघा आणि मला कळवा."

म्हणजे पक्षी सगळे खरे होते. आईच तिथे नव्हती.

आज जेवताना मावशी डोळे पुसत म्हणाली, "केवढं मोठं मन गं तिचं." असेल. पण मला कुणी विचारलं का? मी काही चौथीतली पोर नव्हते. काही आठवड्यांत मी स्वतः आई होणार होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत, आणि वर मी कौतुक करावं अशी अपेक्षा आहे.

शेवटचा फोन आजवर कुणाला सांगितला नाही. आज सांगते.

तिचा आवाज खोल गेला होता. "आज नाही गं बघितलं," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "सकाळी एवढं एक काम असतं तुला. मी इथे भिंतीकडे बघत पडलेय, तुझ्या फोनची वाट बघत. तेवढंही जमत नाही?"

"चुकलंच माझं. उद्या बघते."

मी फोन ठेवला.

त्या तारखेला बाबांची व्हॉइस नोट नाही. ते आदल्या दिवसापासून तिच्या उशाशी बसून होते.

आई, त्या अवस्थेत तू माझी माफी मागितलीस. आणि मी तुला ती मागू दिली.

खरं सांगितलं असतंस तरी मला येता आलं नसतं, मान्य. डॉक्टरांनी सोडलंच नसतं. पण मी फोन ठेवला नसता गं.

अजून माफ केलेलं नाही तुला. भावपूर्ण वगैरे लिहायला हात धजत नाही.

रागावलेल्या लेकीचा नमस्कार घे.