दादाच्या नावावरचे शेरे

अंधेरीच्या ऑफिसात मी लिहिलेल्या कोडमध्ये एक जावा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, माझा फार लाडका होता. काम साधं. केमिकल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर प्रेशरचे, तापमानाचे आलेख सरकत असतात. ऑपरेटर त्यावर शेरा टाकतो, 'पंप बदलला', 'अलार्म खोटा'. तो शेरा, त्याची वेळ आणि लिहिणाऱ्याचा आयडी माझा क्लास वर्षानुवर्षं सांभाळणार. पुसायची सोय मी मुद्दाम ठेवली नव्हती. एकदा लिहिलं की काळ्या दगडावरची रेघ. हे सांगताना मी जरा जास्तच मिरवायचे.

तो तपासून बघायला ठाण्यापलीकडच्या एका कंपनीने जुने शेरे पाठवले. माझा भाऊ तिथेच शिफ्ट इन्चार्ज. चाळताना दिसलं, जवळजवळ प्रत्येक शेऱ्यावर दादाचाच आयडी. गणपतीत दादासकट आम्ही सगळे मालवणला होतो, आणि शेऱ्यांप्रमाणे त्या दिवसांतही तो कारखान्यात अलार्म बंद करत होता.

कांदिवलीला घरी विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, बाकीच्या इन्चार्जच्या जागा रिकाम्या आहेत आणि अलार्म बायपास करायचा, म्हणजे तो डावलून काम चालू ठेवायचा, अधिकार फक्त इन्चार्जच्या आयडीला, म्हणून सगळ्या शिफ्ट त्याच्याच लॉगिनवर बसतात. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस गं," म्हणाला. मी भडकले. उद्या काही झालं तर चौकशीत तुझंच नाव निघेल आणि ते मलाही पुसता येणार नाही, हे त्याला जेवण होईपर्यंत ऐकवलं. शेवटी वैतागून त्याने पासवर्ड बदलला. मी खूश झाले.

रविवारी ताटात तिसऱ्यांचं कालवण होतं आणि फोन आला. दादाचे हात खरकटे, म्हणून त्याने स्पीकरवर घेतला. पलीकडे अलार्म ठणाणत होता. ऑपरेटर सांगत होता, रिॲक्टरचं प्रेशर वर दाखवतंय, सेन्सरची वाट लागली असणार, पासवर्ड द्या.

"खाली जाऊन रिॲक्टरवरचं गेज बघितलंस का?"

"बघतो ना साहेब, आधी हा आवाज बंद करू दे. सेन्सरच आहे, नेहमीचा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने एकेक अक्षर सांगत पासवर्ड दिला. मला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

हात धुऊन त्याने मोबाईलवर आलेख उघडला. शेरा पडला होता: 'अलार्म बायपास. सेन्सर खराब.' खाली दादाचा आयडी. बिघडलेला सेन्सर वेड्यासारखा वरखाली उड्या मारतो, एवढं मलाही ठाऊक होतं. हा आलेख संथपणे, न डगमगता वर चढत होता, म्हणजे प्रेशर खरंच वाढत होतं.

त्याने कंट्रोल रूमला फोन लावला. रिंग जात राहिली. "उचल रे," तो पुटपुटत होता, "उचल." पुन्हा लावला. स्क्रीनवर त्याच्या नावाचा शेरा जागच्या जागी होता आणि आलेख त्याच्या बराच वर गेला होता.