खळ्याच्या कोपऱ्यातली शाब्बासकी

कार्तिकातल्या पहाटे आमच्या ओटीवर दोन वास येतात. कापून आडव्या पडलेल्या भाताचा दमट, गोडसर वास, आणि आत चुलीवर उकळणाऱ्या गवती चहाचा. ऊन अजून डोंगरामागे असतं, माळशेजकडून येणारा वारा चादर घट्ट ओढून घ्यायला लावतो, आणि टोकावड्याच्या रस्त्यावरून पहिली एसटी गेली की तिचा आवाज बराच वेळ शिवारात रेंगाळत राहतो. लग्नापासून ही वेळ माझी आणि सुमनची होती. आम्ही फारसं बोलत नसू. ती कप हातात द्यायची, शेजारी टेकायची आणि उजाडेपर्यंत उठायची नाही. दिवसभर शेत, गुरं आणि नातलग यांच्यात वाटली जाणारी माझी बायको तेवढा वेळ सबंध माझी असे. श्रावणात भुऱ्या आला आणि माझी ही वेळ त्याने बळकावली.

भुऱ्या म्हणजे राखी रंगाचं, मोठ्या कानांचं कुत्र्याचं पिल्लू. मुलाने ते हौसेने वाशिंदच्या आपल्या नव्या घरी आणलं, पण तो आणि सूनबाई दोघेही सकाळीच कामावर जाणारे, तेव्हा पिल्लाची रवानगी आमच्याकडे झाली, सोबत तारेचा एक घडीचा पिंजरा. पिंजरा शिक्षेसाठी नाही, असं त्याने बजावून सांगितलं. कुत्रं आपल्या निजायच्या जागेत घाण करत नाही; म्हणून त्याला तिथे झोपवायचं, उठल्याबरोबर रोज एकाच ठिकाणी बाहेर न्यायचं, आणि काम उरकलं की तोंडभर कौतुक करायचं. मला ही सगळी शहरी थेरं वाटली. सुमनला मात्र ते कोंबड्यांवर डालं झाकण्याइतकं सहज पटलं. पिल्लाला ऊब मिळावी म्हणून तिने पिंजऱ्यावर साडी पांघरली. म्हसा गावच्या जत्रेतून मी आणलेली, अबोली रंगाची.

तेव्हापासून पहाटे सुमन उठायची ती थेट पिंजऱ्याकडे. भुऱ्याला पदरात घेऊन घराशेजारच्या खळ्यावर जायची. पावसाळ्यात खळ्याला कोण विचारतो? गुडघाभर गवत माजलेलं होतं, त्यातला एक कोपरा तिने ठरवून टाकला होता. धुक्यात ती वाकून उभी राहायची, भुऱ्या हुंगत गोल गोल फिरायचा, आणि अखेर एकदाची धार लागली की सुमनचा आवाज ओटीपर्यंत यायचा, ‘शाब्बास माज्या राजा.’ एवढ्याशा कामगिरीसाठी! मी गार झालेला चहा पीत बसायचो. मत्सर हा शब्द तालुक्याच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याने पुस्तकांत असंख्य वेळा वाचला होता. उतारवयात एका पिल्लापायी तो असा अंगाला झोंबेल असं वाटलं नव्हतं. मी जळत होतो, सरळ सरळ जळत होतो.

मग भातं पिकली. खळ्यावरचं गवत मीच मुळासकट तासून बांधापलीकडे फेकलं, जमीन चोपली, आणि एका संध्याकाळी सुमनने ती शेणाने सारवली. सारवलेल्या खळ्यावर आम्ही वहाण घालून पाऊल टाकत नाही. तिथे वर्षाचं धान्य उतरायचं असतं. एवढं सगळं केलं, पण भुऱ्याची जागा तीच आहे हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी पिंजरा उघडताच तो शिकवल्याप्रमाणे धावला आणि हिरव्या ओल्या सारवणावर नेमक्या आपल्या कोपऱ्यात जाऊन गोल फिरू लागला. सुमन किंचाळली. तिने त्याला मानगुटीला धरून उचललं. तिचा तसा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्यानंतर कुंपणाशी नेलं, आंब्याखाली नेलं, तो कुठेच करेना. नुसता थरथरत खळ्याकडे बघायचा. दुपारपर्यंत त्याचं पोट टरटरून फुगलं आणि पिंजऱ्यातून बारीक कण्हणं सुरू झालं. भारे वाहायचे सोडून सुमन जेवणाशिवाय पिंजऱ्याला टेकून बसली. मागे मी तापाने फणफणलो होतो तेव्हा ही बाई काढा उशाशी ठेवून भातलावणीला गेली होती, हे मला त्याही वेळी आठवलं.

शेवटी ती म्हणाली, “वाशिंदला फोन करा. घेऊन जा म्हनावं याला. मला नाय बघवत.”

श्रावणापासून याच वाक्याची मी वाट पाहत होतो. रेंज बांधापलीकडे मिळते म्हणून तिथे गेलो, तर पाय मऊ गवतात रुतले. मीच तासून फेकलेलं ते गवत मुळांच्या मातीसकट तिथे पडलं होतं, वरून वाळलं तरी खाली ओलं. त्याला भुऱ्याच्या मुताचा उग्र वास येत होता. त्याचा कोपरा आता इथे होता. फोन हातात होता. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण पिंजऱ्याच्या तारेत बोटं अडकवून बसलेली सुमन डोळ्यांपुढून हलेना. फोन खिशात टाकून मी मागे वळलो, भुऱ्याला काखेत मारलं आणि आणून त्या गवतावर सोडलं. त्याने हुंगलं, एकदा गोल फिरला, आणि पाय फाकवून जी धार सोडली ती संपता संपेना.

“शाब्बास!” मी म्हणालो. शब्द आपोआप तोंडातून गेला.

सुमन अनवाणीच मागोमाग आली होती. तिने त्याला उचलून घेतलं, डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “एवढी वरसं तुमच्या ताटात भाकर वाढतेय. मला नाय कधी म्हनलात.”

त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. ओटीवर बसून मी आजवर फक्त माझ्या वाट्याला काय येत नाही तेच पाहत होतो.

दुसऱ्या पहाटे भुऱ्याला बांधापलीकडे फिरवून ती परत आली आणि खूप दिवसांनी माझ्या शेजारी टेकली. तो आमच्या मधेच येऊन पसरला. चहा सुरेख झाला होता. काल इतक्या सहज निसटलेला तो शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच घुटमळला. भुऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुन्हा एकदा त्याचा हेवा वाटला; त्याच्यासाठी तो शब्द कुणाच्याच ओठांवर अडत नव्हता. सुमन समोर खळ्याकडे बघत होती. तिचा कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी ती उठली नव्हती.