दारातून सांगितलेलं सेटिंग

"तिथंच थांब. आत यायचं नाही. कुठलं बटण दाबायचं ते तिथूनच सांग."

मॅनेजर साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. दुसऱ्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. मी त्यांच्या केबिनच्या दारात. चपला बाहेर काढलेल्या. हात साबणाने खसाखसा धुतलेले. तरी बाहेर.

"साहेब, थोडंसंच काम आहे. मी करून देते ना."

"एकदा सांगितलेलं कळत नाही? तुझ्या हाताला मासळीचा वास येतो. या मशीनवर देव आहेत."

देव होते, खरंच होते. टीव्हीसारख्या त्या डब्याच्या डोक्यावर छोटी तसबीर, तिला हार, खालच्या पेटीच्या कपाळावर हळदकुंकू. मशीन आणलं त्या दिवशी शेठजींच्या आईने पूजा केली होती. तेव्हापासून ते मशीन पूजेचं. मी पूजेची नाही.

केबिन काचेची होती. मागे सगळं ऑफिस बसलेलं. कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि मी, माठ, दारात उभी राहून सांगू लागले, "साहेब, आता ही ओळ टाइप करा. आता एंटर."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमची औषधं पुरवणारी कंपनी. मुख्य ऑफिस अंधेरीला, चकाल्यात. डेपो घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला. प्रत्येक डेपोत एक कॉम्प्युटर, अंधेरीला दोन-तीन. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा केवढी अपूर्वाई! एसीची खोली, चपला बाहेर, मोठ्याने बोलायचं नाही. माणसाला नव्हता एवढा मान मशीनला.

मी माहुलची. कोळ्याची पोर. बाबा होडीवर, आय चेंबूरला बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. खाडीच्या पाण्यावर तेलाचा तवंग यायला लागला तशी मासळी आटली. बाबांचं जाळं निम्म्या वेळा रिकामं वर यायचं. मी बारावी झाले, घाटकोपरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकले आणि ही नोकरी लागली. घर माझ्या पगारावर चालत होतं. हे मला रोज सकाळी बसमध्ये चढताना आठवायचं.

कागदावर मी ऑपरेटर. काम मात्र वेगळंच अंगावर आलं. झालं काय, की मशीन आली पण शिस्त आली नाही. ज्याला जसं सुचेल तसं त्याने करून ठेवलेलं. मुलुंडच्या मशीनची तारीखच चुकीची. औषधाची मुदत संपलीय की नाही हे मशीन तारखेवरून सांगणार, आणि तारीखच खोटी! मुदत संपलेलं खोकल्याचं औषध दुकानात पोचलं, मग बोंबाबोंब झाली. बोरिवलीच्या कारकुनाने कुठली तरी फाइल पुसली, तर मशीन सुरूच होईना. पासवर्ड सगळ्या डेपोंचा एकच. तो चहावाल्यालाही पाठ होता.

तेव्हा साहेबांनीच मला फिरायला लावलं. पिशवीत फ्लॉप्या घेऊन मी डेपो डेपो हिंडायची. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ चकती. मशीनला मशीन वायरने जोडलेलं नव्हतं, इकडची माहिती तिकडे न्यायची ती या चकतीवरून. मी सगळी मशीन एकसारखी करून टाकली. सगळी एकाच पद्धतीने सुरू होणार. तारीख मी तपासणार. प्रत्येक डेपोचा पासवर्ड निराळा. आणि सगळ्यात मोठा नियम, बाहेरची फ्लॉपी कुठल्याच मशीनमध्ये जाणार नाही. कोणाची म्हणजे कोणाचीच नाही. मुलुंडचा डेपोवाला आधी कुरकुरला, "काय मॅडम, पोलीस झालात का?" मग त्याची बिलं वेळेवर निघायला लागली, तसा गप झाला.

मला ते काम आवडायचं. मनापासून आवडायचं. मशीन नाक मुरडत नाही. बरोबर सांगितलं तर करतं, चूक सांगितलं तर करत नाही, विषय संपला.

राहिलं होतं फक्त साहेबांचं मशीन. म्हणून त्या दिवशी मी त्या दारात उभी होते.

साहेब एका बोटाने टाइप करत होते. एक ओळ झाली, दोन झाल्या. तिसरीला चुकले. मी म्हटलं, "साहेब, ती खोडून परत टाका." ते वैतागले.

"पुढचं काय ते सांग."

"आता पासवर्ड टाका."

"माझ्या केबिनमध्ये मीच कुलूप लावू? कोणासाठी? तुझ्यासाठी?"

मागे पुन्हा हसले.

"आणि साहेब, बाहेरची फ्लॉपी..."

"बास झालं. जा आता. आणि जाताना दारापासचा तो पंखा लाव, वास जाऊ दे."

सेटिंग अर्धं राहिलं. मी पंखा लावला.

त्या रात्री मी लिंबाच्या साली हाताला चोळत बसले. पार चरचरेपर्यंत चोळल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी घरात मासळीला हात लावेना. पावडर थापायची, पदराला अत्तर लावायची. बोंबील सुकत घातलेत तिथे माझी साडी वाळत घालू नको म्हणून आयवर डाफरले. आय म्हणाली,

"आपल्या घराला मासलीचा वास येनार नाय तं कनचा येनार गो?"

मला पटलं नाही. रागच आला, तिचाच. साहेबाचा राग आयवर निघत होता, एवढं मला वाकवलं होतं त्या एका रुमालाने.

मग काही महिन्यांनी मुलुंडहून फोन. "मॅडम, स्क्रीनवर एक गोळी उड्या मारतेय हो. अक्षरांवर टण टण आपटतेय."

मला वाटलं, मस्करी करतोय. जाऊन बघते तर खरंच. एवढासा पांढरा ठिपका, या कडेवरून त्या कडेवर. बिलं छापायला घेतली तर मशीन बंद पडायचं. दोन दिवसांत घाटकोपरला तेच, मग बोरिवलीला, मग अंधेरीत माझ्या टेबलावर. वाट लागली सगळ्याची. दुकानदारांचे फोन सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. मुलुंडच्या एका दवाखान्याला इन्शुलिन जायचं होतं, ते बिलावाचून डेपोत पडून राहिलं. कॉम्प्युटरलाही रोग होतो, त्याला व्हायरस म्हणतात, हे मासिकात वाचलं होतं. समोर पहिल्यांदाच बघत होते.

आला कुठून, हे शोधायची गरजच नव्हती. सगळ्या ऑफिसने काचेतून बघितलं होतं. साहेबांचा मुलगा शनिवारी शाळा सुटल्यावर केबिनमध्ये येऊन गेम खेळायचा. मित्राकडून फ्लॉप्या आणायचा. आमच्याकडे गोळी दिसायच्या आधीच साहेबांच्या स्क्रीनवर दिसली होती. साहेबांनी दोघा-तिघांना बोलावून दाखवलीसुद्धा, "बघा, काय झकास उडते!" आणि दर सोमवारी साहेब सगळ्या डेपोंच्या फ्लॉप्या आत मागवायचे. विक्रीचे आकडे बघायचे आणि परत पाठवायचे. त्या फ्लॉप्या रोग घेऊन आपापल्या डेपोत जायच्या. इतकं सरळ होतं ते. कारकुनांना कळत होतं, साहेबांना कळत होतं.

शेठजी आले. सगळ्यांना बाहेरच्या हॉलमध्ये उभं केलं. साहेब केबिनच्या दारात उभे राहून बोलायला लागले.

"शेठजी, हा रोग फ्लॉपीवरून पसरतो. आता मला सांगा, सगळ्या डेपोंत फ्लॉप्या घेऊन कोण फिरतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"कुठून कुठून येतात, कशात कशात हात घालतात. स्वच्छतेची सवयच नसते हो या लोकांना. मी म्हणूनच माझ्या मशीनला हात लावू देत नाही."

माझ्या नावावर बिल फाडलं. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या थंड डोक्याने. आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. ती उडणारी गोळी बघायला आत गेलेले दोघे-तिघे तर जमिनीकडे बघत होते.

शेठजी काही मूर्ख नव्हते. त्यांनी एकदा केबिनकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग मला म्हणाले, अगदी गोड आवाजात,

"बेटा, साहेबांची माफी माग. इथेच, सगळ्यांसमोर. मग डेपोची सगळी मशीन साफ करून टाक. तुझी नोकरी कुठे जात नाही."

"आणि केबिनमधलं मशीन?"

"त्याला हात लावू नको. ते पूजेचं आहे. साहेब बघतील त्याचं."

शेजारी सुमन उभी होती. माझ्यासारखीच ऑपरेटर, गोरेगावची, मूळ मालवणकडची. मला तिच्याएवढं जवळचं त्या ऑफिसात कोणी नव्हतं. तिने कोपराने ढोसलं. "हात जोड नि मोकळी हो गो. घराक बघ."

घराकडेच बघत होते मी. आय, बाबा, रिकामं जाळं. माफीचे दोन शब्द. जीभ वळवली की झालं. हात जोडायला वर निघालेसुद्धा होते, खोटं कशाला सांगू?

आणि मग डोकं सटकलं. मी डेपो साफ करणार. सोमवारी फ्लॉप्या केबिनमध्ये जाणार. तिथून रोग परत येणार. पुन्हा हॉलमध्ये माणसं उभी राहणार, पुन्हा माझ्याकडे माना वळणार, पुन्हा मीच माफी मागणार. किती वेळा? आणि हा रोग बाकीच्या मशीनमधून शिरलाच नव्हता. ज्यांना माझा हात लागला होता, ती मशीन तोवर धड होती. जिथे माझा हात अडवला, बरोबर तिथूनच घाण आत आली. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने मी स्वतःचेच हात घासत बसले होते!

"माफी मागणार नाही," मी म्हटलं.

आवाज फाटला होता. पण निघाला.

"काय?" साहेब.

"माफी मागणार नाही. मशीन साफ करीन. सगळी करीन. केबिनमधलंपण करीन, आत येऊन, खुर्चीवर बसून, माझ्या हाताने. ते सोडायचं असेल तर मी एकालाही हात लावणार नाही."

"दाखवलीस शेवटी जात!" साहेब म्हणाले.

"दाखवली. नीट बघून घ्या. माहुलची कोळीण आहे मी."

शेठजींचा गोडवा संपला.

"तुला नोकरी हवी आहे की नको?"

"हवी आहे. पण हातांसकट."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठजी म्हणाले.

शूरपणाचं काही सांगू नका मला. टेबलावरून डबा उचलताना झाकण खाली पडलं, ते उचलायलाही मी थांबले नाही. सुमनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जागची हलली नाही. कोणीच हललं नाही. चकाल्याच्या बसस्टॉपवर मी मोठ्याने रडले. माणसं बघत होती, बघू देत.

घरी आय मासळी साफ करत बसली होती. मला बघून विळीवरचा हात थांबला.

"काय झाला गो? कोन काय बोल्ला?"

सांगितलं सगळं. रुमालापासून सांगितलं, आजवर बोलले नव्हते तेही. मला वाटलं जवळ घेईल. तिने नाही घेतलं. म्हणाली, "आता खायाचा काय?" बाबा तर कित्येक दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. पोटावर पाय आलाच होता, आणि मी सकाळी उठून आयबरोबर बाजारात बसू लागले.

सुमन एकदा बाजारात भेटायला आली. सांगत होती, बाहेरून एक माणूस आणला, त्याने सगळी मशीन साफ केली. केबिनमधलंही. साहेबांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. बसवण्याआधी एकच गोष्ट विचारली, आडनाव.

ते ऐकून मला रडू नाही आलं. हसूही नाही. मी गिऱ्हाइकाला पापलेट कापून दिलं आणि तिला म्हटलं, "बस ना, जेवून जा." ती घाईत होती.

बऱ्याच महिन्यांनी बोरिवलीला एका कारखान्यात हेच काम मिळायची वेळ आली. मालकांनी मशीन दाखवली. चार भिंतींआडच्या आपल्या खोलीपाशी येऊन म्हणाले, "हे माझं. याला तुमचा नियम नको."

मी म्हटलं, "मग मलाही ठेवू नका."

ते चमकले. विचार करून कळवतो म्हणाले. मी जिना उतरले. घरी काय सांगायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी नोकरीची गरज पहिल्यापेक्षाही जास्त होती. तरी परत वर जाऊन "चालेल साहेब" म्हणावंसं वाटलं नाही. एकदाही नाही. काम माझ्याकडून हवं तर माझा हात सगळीकडे लागेल, मालकाच्या मशीनला सगळ्यात आधी लागेल. ज्याला ते चालत नसेल त्याने दुसरी बघावी. मी उपाशी राहीन, पण कोणाच्या दारात उभी राहून काम करणार नाही.