ताराकाकूंचं स्टूल

ताराकाकूंकडे कोणी तक्रार घेऊन गेलं की त्या आधी चहाचं आधण ठेवत आणि मग ओसरीतल्या स्टुलाकडे बोट दाखवत. त्या स्टुलावर बसून स्वतःची बाजू मांडायची नाही, असा त्यांचा नियम होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याच्या तोंडानं बोलायचं. तो समोर खुर्चीवर बसलेला असे. बोलून झालं की काकू त्याला विचारत, "पटते का?" तो "पटते" म्हणाला की दोघांनी जागा बदलायच्या. दोघांचंही पटेपर्यंत चहा मिळत नसे. भांडण जुनं असलं तर तो चहा इतका उकळून निघे की पिणं हीच शिक्षा वाटावी.

दारव्ह्यात आमच्या पक्षाची तक्रार समिती म्हणजे ताराकाकू. कागदावर आणखी दोन सदस्य होते, पण त्यांचंच एकमेकांशी जमत नव्हतं. काकूंचे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर काकू महिला आघाडीत आल्या आणि पक्षातल्या पुरुषांची भांडणं पाहून त्यांना घरच्या भाऊबंदकीची आठवण झाली असावी. बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, नेता कोणाच्या जीपमध्ये बसणार, हार कोणी आधी घातला, असली प्रकरणं त्यांच्याकडे येत. फोटोच्या भांडणात एक दांडगा कार्यकर्ता स्टुलावर बसून विरोधकाची बाजू सांगता सांगता ढसाढसा रडला होता. "आपलं गाऱ्हाणं सांगाले अक्कल लागत नाही रे," काकू म्हणत. "त्याचं सांग. मंग पाहू तू किती शहाणा हायेस."

मी तालुका सेक्रेटरी होतो. सतरंज्या अंथरणं, माईकवर 'हॅलो हॅलो' करणं आणि नेते आले की एक पाऊल मागं सरकणं, हे माझं राजकारण. पण मनातून मी जिल्हा परिषदेत पोचलेलो होतो. आरशासमोर शपथसुद्धा घेऊन झाली होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या असत आणि भाव बोलायला कोणी तयार नसे. आमच्या पक्षानं रस्ता रोको ठरवला. त्याच सुमारास जिल्ह्यावरून निरोप आला, की आंदोलनात ज्यांना अटक होईल त्यांचा जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी आधी विचार होईल. त्या दिवशी दारव्ह्याच्या रस्त्यावर जितके लोक अटक व्हायला उतावीळ होते, तितके मी पुन्हा पाहिले नाहीत. कापसाबद्दल बोलायला मात्र दोनतीनच जण होते. त्यांतला एक देविदास, बोरी अरब गावाकडचा. स्वतः कापूस पिकवणारा, कमी बोलणारा, आणि तिकिटासाठी माझ्याइतकंच ज्याचं नाव चाललं होतं असा.

पोलिसांची गाडी भरली तेव्हा मी एका पत्रकाराला माझ्या नावाचं शुद्धलेखन समजावून सांगत होतो. धावत गेलो. हवालदारानं दार लावायला घेतलं होतं.

"साहेब, मला घ्या ना."

"जागा नाही. पुढच्या आंदोलनाले या."

"अहो, मी सेक्रेटरी आहे!"

"मंग तं समजदार असान. सरका मागं."

मी चक्क हात जोडले. अटक होण्यासाठी पोलिसाच्या विनवण्या करणारा मी तालुक्यातला पहिलाच क्रांतिकारक असेन. तेवढ्यात आत बसलेला देविदास उठला, खाली उतरला आणि मला म्हणाला, "बस बे माह्या जागी. तुहं तोंड पाहवत नाही." मी चढलो. ठाण्याच्या आवारात पोहे खाल्ले, घोषणा दिल्या, संध्याकाळी सुटलो. पेपरात माझं नाव आलं. शुद्धलेखन चुकलंच होतं.

पुढच्याच बैठकीत उमेदवारीचा विषय निघाला आणि मी उठून म्हणालो, "ऐन अटकेच्या वेळी जो गाडीतून उतरून पळाला, त्याला पक्षात ठेवायचं का, याचाच आधी विचार व्हावा." वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता, 'पळाला' सोडून. देविदासला पक्षातून काढायचं की नाही, हे प्रकरण ताराकाकूंच्या ओसरीवर गेलं.

स्टुलावर आधी देविदास बसला. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे बसणाऱ्याला अकड दाखवता येत नसे. तो खाली बघत म्हणाला, "मी सुधाकर. इतकी वर्षं सतरंज्या म्याच झटकल्या. सभा झाली का सगळे गाडीत बसून जातेत अन् मी मंडपवाल्याची वाट पाहत बसतो. घरी बायको विचारते, तुमचं नाव कधी लागन? यावेळी नाही लागलं तं कधीच नाही लागत. देविदास मधात हाय. त्याले बाजूला केल्याशिवाय मले रस्ता नाही."

"पटते का?" काकूंनी मला विचारलं.

माझे डोळे भरून आले होते. माझ्याबद्दल इतकं चांगलं मी स्वतःही कधी बोललो नव्हतो. "पटते," म्हणालो.

मग मी स्टुलावर बसलो. मला वक्तृत्वाचा नाद. "मी देविदास," मी सुरू केलं, "माझ्या मनात भीती दाटून आली..."

"नाही पटत," देविदास म्हणाला.

"माझ्या घरच्यांचे चेहरे डोळ्यांसमोर..."

"नाही."

काकूंनी आधणात आणखी पाणी घातलं. "बाप्पा, साखर संपून राह्यली माही," त्या म्हणाल्या. "हे तू तुहंच सांगून राह्यला. तो काहून उतरला, ते सांग."

मी स्टूल डुगडुगवलं. शेवटी म्हणालो, "मी गाडीत बसलो होतो. खाली एक माणूस हात जोडून उभा होता. मला त्याची कीव आली."

"कोण माणूस?"

"एक सेक्रेटरी."

"पटते," देविदास म्हणाला. काकूंनी चहा गाळला. मला त्यांनी एका शब्दानंही झापलं नाही, फक्त माझ्या कपात साखर घालायची राहून गेली. ती विसरून राहिली की ठरवून, हे मला अजून कळलेलं नाही.

उमेदवारीची शिफारस देविदासची झाली आणि मी त्याचा प्रचार करायचं कबूल केलं. त्या आठवड्यात मी इतका थोर वागत होतो की घरचे कंटाळले. मग जिल्ह्यावरून नाव जाहीर झालं. ना देविदास, ना मी. कापसाच्या एका जिनिंग कारखानेवाल्याचा पुतण्या, जो आदल्या आठवड्यात पक्षात आला होता आणि ज्याला अटक तर सोडाच, सतरंजीसुद्धा कधी भेटली नव्हती.

जिल्हाध्यक्ष दारव्ह्याच्या विश्रामगृहावर आले, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "स्टूल उचल." बाजाराचा दिवस होता. पुढं पांढऱ्या पातळातल्या काकू आणि मागं डोक्यावर स्टूल घेतलेला तालुका सेक्रेटरी, अशी मिरवणूक भाजीवाल्यांमधून निघाली. "सेक्रेटरी, मोर्चा हाय का लग्न?" कोणीतरी ओरडलं. विश्रामगृहात काकूंनी स्टूल अध्यक्षांसमोर ठेवायला लावलं.

"बसा साहेब. देविदासच्या तोंडानं सांगा, त्याले कसं वाटून राह्यलं. आमच्याकडची पद्धत हाय."

अध्यक्ष हसले. "काकू, पक्ष म्हणजे काही तुमची ओसरी नाही."

"म्हणूनच तं स्टूल घेऊन आले."

मी खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड फार लक्ष देऊन पाहत होतो. अध्यक्ष बसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते जेवायला गेले. स्टूल मीच परत आणलं.

थोड्याच दिवसांनी तालुक्याची बैठक झाली. तक्रार समिती बरखास्त करावी आणि शिस्तभंगाबद्दल ताराकाकूंना पक्षातून कमी करावं, असा ठराव आला. देविदास "नाही" म्हणाला आणि उठून गेला तो परत आलाच नाही. कापूस आणि तूर करत गावी राहिला. बाकीच्यांचे हात वर गेले. माझाही गेला. तो गेला असं मी लिहितो आहे खरं, पण खांद्यापासून तो मीच उचलला होता. पुतण्या निवडून आला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षात गेला. त्याच्या निरोपासाठी सतरंजी कोणी अंथरली, हे सांगत नाही.

काकूंकडे जायला मी बरेच महिने लावले. गेलो तेव्हा त्या थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी माफीचं भाषण तयार करून नेलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट असं. स्टूल तिथंच होतं. मी बसायला गेलो तर त्या म्हणाल्या, "तू खुर्चीवर बस." आणि भिंतीचा आधार घेत त्या स्वतः स्टुलावर बसल्या.

"मी सुधाकर," त्या म्हणाल्या. "मी वाईट माणूस नाही. काकूवर माहा राग नाही. पण पार्टी सोडली तं मले गावात कोण विचारते? दुकान नाही, मोठं वावर नाही. सेक्रेटरी म्हणून चार लोक नमस्कार करतेत. सगळ्याइचे हात वर गेले तवा माहा एकट्याचा खाली राह्यला असता, अन् सगळे माह्याकडंच पाहत राह्यले असते. मले एकटं पडाचा भेव वाटते. लहानपणापासूनच वाटते." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पटते का?"

आत आधण उकळत होतं. त्यांचा एक शब्द चुकला असता तरी मी वाद घातला असता. पण चुकला नव्हता. तीन अक्षरं बोलायची होती, आणि आयुष्यभर माईक तपासणाऱ्या माझ्या घशातून ती निघेनात. "काकू, मीटिंग आहे, येतो," असं म्हणून मी चहा न घेता उठलो. मीटिंग नव्हती.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. तेराव्याला गेलो तर ओसरीत देविदास लोकांना पाणी देत होता. मला पाहून त्यानं सरकून जागा केली. स्टुलावर पाण्याचा माठ ठेवला होता आणि आखूड पायाखाली कोणीतरी खापरीचा तुकडा सरकवला होता, त्यामुळे ते मुळीच डुगडुगत नव्हतं. काकूंची सून चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोर आली.

"पटते," मी म्हणालो.

"काय म्हटलं, काका?"

"काही नाही," मी कप उचलत म्हणालो. "साखर बरोबर आहे."

तोवर मी एक घोटही घेतला नव्हता. देविदासनं तेवढं पाहिलं आणि पुढच्या माणसाला पाणी दिलं.