सर्किटवरच्या शेअरला लाल बाण

"अगं, माझा चार्ट कोरा झालाय. बाणबिण काही दिसत नाही," डिमेलो टीचर फोनवर म्हणाल्या. बाजार नुकताच उघडला होता.

दादरच्या एका ब्रोकर ऑफिसात मी चार्टच्या स्क्रिप्ट लिहिते. स्क्रिप्ट म्हणजे भावांवरून हिशेब करून चार्टवर खुणा काढणारा छोटा प्रोग्राम. शेअर जोरात असेल तर हिरवा बाण, ढिला पडला तर लाल. डिमेलो टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या जुन्या क्लायंट. नवऱ्याने जमवलेले शेअर त्या या बाणांच्या भरवशावर सांभाळतात.

माझी पद्धत ठरलेली. आधी एरर वाचायची, मग ती कुठल्या शेअरला येते ते बघायचं, कोडला हात शेवटी. एरर होती 'डिव्हिजन बाय झीरो', तीही फक्त टीचरांच्या एका शेअरला. त्याचा चार्ट उघडला तर भावाचा चढउतार दाखवणाऱ्या उभ्या पट्टीऐवजी, म्हणजे कँडलऐवजी, नुसती आडवी रेघ. शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेलाच उघडला होता. घेणारे रांगेत, विकणारे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे उच्चांक आणि नीचांक एकच.

आमची स्क्रिप्ट भाव नीचांकाच्या किती वर आहे ते काढते आणि त्याला दिवसाच्या चढउताराने भागते. चढउतारच शून्य, तर भागणार कशाने?

तोवर आमचे ब्रँच मॅनेजर परबसाहेब माझ्या शेजारच्या मशीनवर बसले होते. "एवढं काय त्यात? भागाकार होत नसेल तिथे शून्य धर म्हणावं. हे बघ, टाकलं."

"साहेब, थांबा जरा..."

एरर गेली. चार्ट आला. त्यावर लाल बाण.

आमच्या हिशेबात शंभर म्हणजे सगळ्यात जोरात, शून्य म्हणजे सगळ्यात ढिला. ज्या शेअरसाठी रांग लागली होती, तोच आम्ही तळाला नेऊन ठेवला होता.

फोन पुन्हा वाजला. मी स्पीकरवर घेतला.

"थँक्यू हां! दिसायला लागलं. लाल आहे, विकून टाकते सगळे."

"टीचर, बटण दाबू नका!"

एवढे घेणारे उभे असताना ऑर्डर क्षणात गेली असती. परत घ्यायचे म्हटले तर विकणारा मिळाला नसता.

"का गं?"

"बाण खोटा आहे. शून्याने भागायची वेळ आली, म्हणून उत्तर शून्य धरलं गेलं."

"शून्य? वर्गात कोणी असं केलं असतं तर अंगठे धरून उभं केलं असतं मी. कुणाचं डोकं हे?"



"माझं, टीचर," परबसाहेब म्हणाले.

"परब, तुम्ही? राहू द्या मग. आज काही विकत नाही मी."

मी साहेबांची ओळ काढली आणि दोन नव्या घातल्या. उच्चांक-नीचांक सारखे असतील तर हिशेब करायचा नाही, बाण काढायचा नाही, करड्या अक्षरांत फक्त 'सर्किट' लिहायचं. मग लोअर सर्किटच्या शेअरवरही चालवून बघितलं. साहेबांनी स्वतःहून चहा मागवला.

पुढे सर्किट सुटलं, भाव आणखी चढला, आणि एक दिवस टीचरांचा फोन आला. "आज लाल दिसतोय. खरा आहे ना?" मी तपासलं. खरा होता. त्यांनी विकले आणि खुशीत होत्या.

एरर आली की माणूस थांबून फोन करतो. चुकीचं उत्तर आलं की थँक्यू म्हणतो.