जाळ्याचं टोक

बारावीत दुसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा बाबांनी मला महिनाभर नागभीडजवळच्या एका गावी मावशीकडे पाठवलं. तिचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. तिथे कुणी रागावत नव्हतं, कुणी काही विचारतही नव्हतं. रोज सकाळी मी पाळीवर जाऊन पाण्याकडे बघत उभी राहायची.

तिथे पन्नाशीचा एक ढिवर मासे धरायचा. कमरेला गमछा, तोंडात विझलेली बिडी. आठवडाभर त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. मग एका सकाळी मी गुडघाभर पाण्यात उतरले, तसा तो लगबगीने आला आणि जाळ्याचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं.

"धर वो पोरी, मले एकट्याले नाई जमत."

त्या दिवसापासून तो रोज मला हाक मारू लागला. त्याआधी तर तो एकटाच जाळं ओढायचा. परत जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "भाऊ, मले रोज काऊन बोलावता?"

तो जाळ्यातले मासे सोडवत राहिला. मग हळूच म्हणाला, "माही पोरगी बी अशीच उभी राहे. मले वाटे, नुसतं पाणी पाहून राह्यली."

त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी तिचं विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.