कुणी न पेरलेला कारळ

माझ्या मंठाळच्या व्याह्यांनी मला वर्षानुवर्षं फसवलं, आणि तेही एका पिवळ्या रानफुलाच्या नावावर. मी निर्ण्याहून रिकाम्या हातांनी हुमनाबादेत आलो आणि स्वतःचा तेलाचा घाणा उभा केला. बाजारात मला कुणी गंडवलं नाही, आणि या माणसानं डोंगराच्या पायथ्याशी बसून गंडवलं. निजामाच्या अख्ख्या मुलखात असा दुसरा नव्हता.

पिवळं फूल दिसलं की त्यांची गाडी थांबलीच, मग पुढे वरात असो की मयत. माझ्या लेकीच्या लग्नात आम्ही वेशीवर वाजंत्री घेऊन उभे, आणि वरबाप गायब. पाहतो तर बांधापलीकडे पालथे पडलेले, नाक एका फुलात खुपसलेलं. "हिकडं या इवाई. ह्याला तुमी येक फूल म्हणता व्हय? ह्ये अख्खं गाव हाय. मदले बारीक ठिपके म्हंजी येक येक फूल, आन् कडंच्या पाकळ्या म्हंजी येशीवर पावण्यांची वाट बघायलेली मान्सं."

"येशीवर आमचीबी मान्सं वाट बघायलीत," मी ओरडलो. "उठा आता!"

एकदा जकात नाक्यावरच्या शिपायाला त्यांच्या धोतराच्या सोग्यात हिरवी जुडी दिसली. "क्या है चचा, गांजा?" एवढंच तो म्हणाला. यांनी त्याला उन्हात बसवून घेतलं. पाथरीचं पान मोडलं की दूध येतं, भामुर्ड्याला कडेच्या पाकळ्याच नसतात, कारळाच्या पाकळीचं टोक बाळाच्या दातांसारखं कातरलेलं असतं, सगळं समजावलं. अखेर शिपायानंच हात जोडले. "जाव चचा, घासफूस पे जकात नहीं."

आता माझं गाऱ्हाणं. त्यांच्या घरी नवरात्रात घटावरची पहिली माळ कारळाच्या पिवळ्या फुलांची, आणि तो कारळही कुणी न पेरलेला, डोंगरावर आपसूक उगवलेला. माळ ओवायची सुनेनं. विहीणबाई लग्नाआधीच गेलेल्या, जावई हैदराबादेत नोकरीला. मी लेकीला दसऱ्याला माहेरी मागितलं तेव्हा व्याही म्हणाले, "घट बसायच्या आदी डोंगरावरला कारळ आणून दावा. माळ झाली की ल्येक तुमच्या गाडीत बसल." मी लगेच हात पुढे केला. घाण्यावर येणारं कारळाचं बी मी डोळे मिटून ओळखणारा माणूस. कारळात मला कोण अडवणार? पण सारी हयात कारळ मी पोत्यात पाहिला होता. झाडावर कधी नाही.

पहिल्या वर्षी एका कपारीपाशी टोपलंभर फुलं तोडली. व्याह्यांनी एक उचललं, उन्हाकडे धरलं, पाकळी जिभेला लावली. "न्हाई इवाई. कारळासारखं हाय, पर कारळ न्हाई. ह्ये त्येच्या सावत्र भावाचं पोर." पुढच्या वर्षी दुसरीकडून आणली. "चुलत हाय." त्यापुढच्या वर्षी गुडघे फोडून अगदी माथ्यावर गेलो. "आता जवळ आलाव. म्हेवणा हाय!"

"फूल वळखायलाव का सोयरीक जुळवायलाव?" मी टोपलं आपटलं.

"कामून तापायलाव? डोंगर कुठं पळून जायलाय? फुडल्या वर्षी या."

मी जातच राहिलो. व्यापारात कुणी एकदा 'नाही' म्हटलं की मी दुकान बदलतो, पण इथे लेक होती. दर वर्षी गाडी रिकामी परतायची, आणि घरी बायको अंगणात येऊन गाडीत डोकावून आत जायची.

मागल्या वर्षी उन्हाळ्यात व्याही गेले. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मी हट्टानं त्या पहिल्या कपारीपाशी गेलो. फुलं वाळली होती. बोंडं तळहातावर चोळली. काळं, लांबट, चकचकीत बी. कारळ. अस्सल कारळ!

तसाच तणतणत मंठाळला गेलो. लेक अंगणात होती. तळहात तिच्यापुढे धरला. तिनं पाहिलं, आणि खाली मान घातली.

"मला पैल्याच वर्सी कळलं व्हतं, अप्पा. मामंजींनीच वळख शिकिवली व्हती."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुमच्या घरी आई हाय, भाऊ हायत. हितं घटापुढं त्येंच्यासंगं कोण बसलं असतं?"

त्यांनी सरळ मागितलं असतं, तर मी दिला असता का लेकीचा एखादा दसरा? नसता दिला. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा लेक दसऱ्याला माझ्या घरी आली. घटासाठी मी कारळ आणला. तिनं न बघताच ओवायला घेतला. फूल कुणी उन्हाकडे धरलं नाही, त्याचं कुणाशी नातं सांगितलं नाही. मी उगाच तिथे उभा राहिलो.

खोटं बोलणारा गेला. गप्प राहणारी माझ्यासमोर माळ ओवते आहे. माझे इतके दसरे गेले ते गेले, पण आता भांडायला डोंगराच्या पायथ्याशी माणूस उरला नाही. बोल पोरी, याचा जाब तूच दे.